सेटिंग आमची

जंगलाच्या काठाला रिसॉर्ट काढणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. वाघ आपल्याच पगारावर आहे असं त्यांना वाटतं. गेटवर लाकडी पाटी, आत सहा खोल्या, एक पोहायचा हौद आणि पाहुण्यांसाठी एक चार चाकांची मोटारसायकल. तिला ते एटीव्ही म्हणतात. पाहुणे तिच्यावर बसतात, पन्नास फूट जातात, फोटो काढून उतरतात. दोन पावसाळे गेले की हौदात शेवाळ, खोल्यांना ओल आणि एटीव्हीला गंज.

असाच एक मालक मला बोलवायला आला. मोहाडीत बाजाराच्या रस्त्याला माझं दुकान आहे. जुन्या मोटारसायकली, पंप, जनरेटर घेतो, दुरुस्त करतो, विकतो. दुकान मी कुणाच्या मेहरबानीवर उभं केलेलं नाही. पहिली सहा वर्षं डोक्यावर पत्राही नव्हता, कडुनिंब होता. या मालकाचा जनरेटर बंद पडला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे लग्नाची पार्टी उतरणार होती. मी गेलो, झाकण उघडलं, दोष पाहिला, झाकण परत लावलं.

"काय झालंय?" त्याने विचारलं.

"मोठं काम हाये."

"चार्ज काय होईल तुमचा?"

"चार्ज नको. तथी शेडमंधी झाकून ठेवलं ते काय हाये?"

"ती एटीव्ही आहे. इम्पोर्टेड आहे, तिचा विषय नको."

"इम्पोर्टेड असो का सासरहून आलेली असो, कोंबड्या अंडे देऊन राहिल्या तिच्यावर."

तो हसला नाही. मी पाने पिशवीत टाकायला सुरुवात केली. घाई करायची नाही, एकेक पाना पुसून टाकायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. तिसऱ्या पान्याला तो म्हणाला, "निदान आज रात्री तरी लाईट येतील ना?" चौथ्या पान्याला गाडी माझी झाली. जनरेटरचं काम अर्ध्या तासाचं होतं. मी चार तास लावले, कारण लवकर झालेल्या कामाची किंमत असल्या माणसांना कळत नाही.

ती गाडी मला कशाला हवी होती, हे सांगतो. बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठल्यावर आमच्याकडे शंकरपट पुन्हा जोरात सुरू झाले. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची सरळ रेषेतली शर्यत. धान कापून झाल्यावर बांध्या, म्हणजे धानाची शेतं, सपाट करायच्या, मातीच्या दोन लांब पट्ट्या आखायच्या आणि झेंडी पडली की हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी शेवटच्या दोरीपर्यंत सोडायची. यंदा पवनी तालुक्यात, आसगावच्या पलीकडे एका गावाच्या पट समितीने जाहीर केलं की बैल पळून झाले की त्याच पट्ट्यांवर चार चाकांचाही पट होईल. रिसॉर्टवाले, फार्महाऊसवाले आपापल्या गाड्या आणणार होते. म्हणजे नागपूरच्या ट्यूनरकडून गाड्या तयार करून आणणार होते. मोहाडीतल्या मिस्त्रीकडून जनरेटर दुरुस्त करून घ्यायचा आणि गाडीला हात लावायला नागपूरचा माणूस आणायचा, हा त्यांचा रिवाज आहे. तो मला मोडायचा होता.

आणखी एक गोष्ट होती. माझे बाबा धुरकरी होते. छकड्यावर बसून बैल हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. जोडी दुसऱ्याची, शेत दुसऱ्याचं, बाबा फक्त हाकायचे. अंगाने हलके होते आणि बैलाच्या शेपटीला हात न लावता त्याला पळवायचे. पट जिंकला की भोंग्यावरून मालकाचं नाव, मालकाच्या गावाचं नाव, दोन्ही बैलांची नावं पुकारली जायची. बैलांची सुद्धा! बाबांचं नाव मी भोंग्यावरून एकदाही ऐकलं नाही. मालक फेटा बांधून ढाल घ्यायचा, बैलांना गुलाल लागायचा आणि बाबा बाजूला उभे राहून कापडाने पाय पुसायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. आताही वाटतं.

गाडी दुकानात आणली आणि उघडली. आत उंदराचं घरटं होतं. पहिलं काम वजन उतरवण्याचं. पुढची जाळी, मागचा सामान ठेवायचा सांगाडा, दिवे, पाय ठेवायच्या प्लास्टिकच्या थाळ्या, सगळं काढलं. फक्त मागचे मडगार्ड ठेवले, नाहीतर चाकाची माती माझ्याच पाठीवर आली असती. माझं स्वतःचं वजन छप्पन किलो. गाडी मीच चालवणार होतो. एकावन्नाव्या वर्षी ही हौस कशाला, असं विचारणारे भेटले. त्यांची वजनं मी त्यांच्या पोटाकडे पाहूनच सांगितली.

पहिल्या चाचणीला गाडीने मला फेकलं. सकाळी दुकानामागच्या कापलेल्या बांधीत नेली, क्लच सोडला आणि पुढची दोन्ही चाकं घोड्यासारखी वर. मी पाठीवर धानाच्या धसकटांत. वरठीचा मिस्त्री बघायला आला होता. तो कारखान्यातून निवृत्त झालेला वेल्डर, माझा तीस वर्षांचा दोस्त. अजूनही सायकलने फिरतो. त्याने मला उठवलं नाही. आधी गाडी बंद केली.

"मेला का?" त्याने विचारलं.

"नाई."

"मंग चिमटा लांब करा लागते."

मागचं चाक ज्या लोखंडी दांड्यात बसतं त्याला आम्ही चिमटा म्हणतो. तो लांब केला की मागची चाकं मागे जातात आणि गाडीचं तोंड जमिनीला राहतं. मिस्त्रीने चिमटा कापला, आत जाड नळी घालून चार इंच वाढवला आणि असा टाका मारला की हात फिरवला तर जोड लागत नव्हता. मागचे शॉकअप काढून त्या जागी लोखंडी पट्ट्या बसवल्या. शॉकअप दबतो तेव्हा इंजिनचा जोर त्यात मुरतो. शर्यतीत पाठ दुखली तर दुखू द्यावी.

मग गरारी, म्हणजे साखळीचं दातेरी चाक. मागच्या चाकाच्या गरारीला सदतीस दात होते. मी लेथवाल्याकडून पंचेचाळीस दातांची बनवून घेतली. दात वाढले की गाडी झटकन उठते, पण वरचा वेग कमी होतो. वरच्या वेगाचं मला काय करायचं होतं? पट्टी संपली की पुढे तणसाचे ढीग होते. पण लोकांना वेगाचा आकडा लागतो. नागपूरवाले गाडी शंभरला जाते म्हणून सांगतात. शंभरला जायला जागा किती लागते हे त्यांना कुणी विचारत नाही.

कार्बेटरला आठ दिवस गेले. पेट्रोल सोडणारा जेट बदलायचा, बांधीतून एक फेरी मारायची, इंजिन बंद करून प्लग काढायचा आणि त्याचा रंग पाहायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी. भाजलेल्या बदामाचा रंग आला की बरोबर. मी अकरा वेळा प्लग काढला. बाराव्या वेळी बदाम आला. तोही मिस्त्रीला दाखवला तर म्हणाला, "जरा जास्त भाजला." मी त्याला चहा पाजला नाही.

टायरला मी तापवलेल्या सुरीने आडव्या खाचा पाडल्या. पॉवर टिलर चालवणाऱ्याला विचारा, धानाची माती टायरमध्ये कशी भरते आणि मग टायर कसा गोल दगडासारखा फिरतो. खाच आडवी आणि रुंद असली की माती बाहेर पडते. ही गोष्ट लॅपटॉपमध्ये नसते.

एवढं सगळं झाल्यावर मी पेंटरला बोलावलं. बैलाचं नाव पुकारतात, मालकाचं पुकारतात. ज्याने गाडी घडवली त्याचंही पुकारलं जावं, म्हणून मडगार्डावर लिहायचं ठरवलं. पेंटरने विचारलं, "काय लिहू?" मेकॅनिक लोक जे म्हणतात तेच मी सांगितलं. कार्बेटरची सेटिंग, क्लचची सेटिंग, टायमिंगची सेटिंग. हा आमचा रोजचा शब्द आहे. गाडी तयार करणं म्हणजे सेटिंग करणं. त्याने दोन्ही मडगार्डांवर पिवळ्या रंगात झोकदार लिहिलं: सेटिंग आमची, मोहाडी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मिस्त्रीच्याही नाही. आम्ही दोघं आयुष्यभर यंत्रांत राहिलेली माणसं.

पटाच्या दिवशी गाडी छोट्या टेम्पोत घालून सकाळीच नेली. बैल पळत होते तोवर मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन दोन्ही पट्ट्यांच्या कडेने फिरलो आणि जागोजागी टोचून पाहिलं. डावी पट्टी शेवटपर्यंत टणक होती. उजव्या पट्टीत अर्ध्यावर सब्बल वीतभर आत गेली. तिथे आधी बांध असणार, तो फोडून माती पसरवली होती. बैलाला ते कळत नाही, खुरात भागतं. चाकाला कळतं.

नागपूरचा ट्यूनर तिशीचा होता. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. गाडीला वायर जोडून तो मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये बघत होता. भोवती शंभर माणसं उभी, आणि जणू ऑपरेशन चाललंय अशी शांतता. त्याने पट्टीवर पाय सुद्धा ठेवला नव्हता. माझ्या गाडीभोवतीही माणसं होती. पण ती हसत होती.

"काय भाऊ, उघड उघड लिहून टाकलं!"

"कोनासंगं केली सेटिंग? झेंडीवाल्यासंगं का दोरीवाल्यासंगं?"

"आता लिहूनच आनली तं विचारता कायले बे!"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. या लोकांच्या तोंडी सेटिंगचा एकच अर्थ आहे. तहसीलमध्ये सातबारा लवकर मिळाला, सेटिंग. पोराला नोकरी लागली, सेटिंग. पुढाऱ्याचं तिकीट, घरकुलाची यादी, पास झालेला ड्रायव्हिंग लायसन्सवाला, सगळीकडे सेटिंग. मेहनत करून एखादी गोष्ट जमते हे त्यांच्या ध्यानीमनीच नाही, कारण त्यांनी स्वतः ते कधी करून पाहिलं नाही. त्यातून झेंडी धरणारा माझा गिऱ्हाईक. त्याची मोटारसायकल माझ्या दुकानातून गेलेली. पण तीन तालुक्यांत माझ्याकडून काही ना काही गेलंच आहे, मग झेंडीवाला कुठून आणणार? परदेशातून?

"पुसून टाक ना बाप्पा," मिस्त्री हळूच म्हणाला. "पेट्रोलनं निंघून जाते."

"पुसलं तं म्हनतील चोरी पकडली."

"मंग राहू दे. पन तोंड बंद ठेव."

तोंड बंद ठेवणं मला जमत असतं तर मी कारखान्यात लागलो असतो.

चार चाकांच्या पटाला गाड्या आठ होत्या. दोन-दोन सोडायच्या, हरणारा बाहेर. पट्टी चिठ्ठी काढून ठरायची. पहिल्या दोन फेऱ्यांत माझ्यापुढे रिसॉर्टांच्या शोभेच्या गाड्या आल्या. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एकीचा चालक पट्टी सोडून उसाचा रस विकणाऱ्याकडे गेला. शेवटच्या फेरीत मी आणि नागपूरची गाडी, तिच्यावर ट्यूनर स्वतः. चिठ्ठी काढली, मला डावी पट्टी आली. गर्दीतून एकच आवाज आला, "हो!" जसं कुणी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

भोंग्यावरच्या माणसाला विनोद करायची खाज होती. त्याने माझं मडगार्ड वाचलं. "उजव्या पट्टीवर नागपूरची गाडी! आनि डाव्या पट्टीवर, मंडळी, मोहाडीची सेटिंग!" हजारभर माणसं हसली. गाडी घडवणाऱ्याचा उल्लेख भोंग्यावरून झाला, तो असा.

झेंडी पडली. मी टाकीवर छाती टेकवून बसलो होतो. चारही चाकं जमिनीला, इंजिन सुरात, कुठे चाक फिरलं नाही की तोंड उचललं नाही. शेजारच्या गाडीचा आवाज मोठा होता, पण तो माझ्या मागून येत होता. अर्ध्यावर ती मऊ मातीत भसकली असणार, कारण आवाज चढला आणि लांब गेला. दोरी मी दोन गाड्यांच्या अंतराने तोडली.

गाडी वळवून आणली तेव्हा वाटलं, आता कुणीतरी येईल. चिमट्याकडे बघेल, टायरकडे बघेल, विचारेल. समितीचे अध्यक्ष आले. पांढरे कपडे, गळ्यात उपरणं, हातात ढाल. ढाल माझ्या हातात देऊन फोटोकडे तोंड करून ते म्हणाले, "वा! जमवली बरं सेटिंग. आमालेही शिकवा कधी." आणि डोळा मारला. ते नाराज नव्हतेच. उलट खूश होते. मी त्यांच्या बिरादरीत आलो असं त्यांना वाटलं होतं. त्यांच्यामागे उभी असलेली माणसंही कौतुकानेच बघत होती. चोराचं कौतुक करणारी माणसं चोरापेक्षा वाईट, कारण चोराला निदान चोरी करायची मेहनत तरी पडते.

माझं डोकं सटकलं. मी ढाल टेबलावर आपटली आणि भोंगेवाल्याच्या हातून माईक घेतला.

"पट्ट्या बदला! मी उजवीकडून पळतो, तो डावीकडून. झेंडी नागपूरवाल्याचा मानूस पाडंल. जो जिंकंल तो ढाल नेईल."

मिस्त्री पळत आला. "येडा झाला का बे? जिंकला ना! ढाल घे अन् घरी चाल!"

"ह्याले जिंकनं म्हनते?"

"मंग कायले म्हनते? तथी माती भसकते, तूच तं सब्बल टोचून सांगतलं मले!"

"मालूम हाये."

मालूम होतं म्हणून मी टायरची हवा आणखी उतरवली. उठताना मागच्या चाकांवर बसायचं आणि मऊ जागा आली की पुढे सरकायचं, हे मनात दोनदा घोकलं. अध्यक्षांना काय, फुकट आणखी एक फेरी बघायला मिळत होती. ट्यूनर आपली गाडी डावीकडे घेऊन गेला. आता त्याने पट्टीवरून एक चक्कर मारली, बुटाच्या टाचेने माती दाबून पाहिली. उशिरा का होईना, शिकला.

झेंडी पडली आणि पहिल्या अर्ध्यात मी पुढे होतो. हे मी शपथेवर सांगतो आणि मिस्त्रीही सांगेल. मऊ जागा आली, मी पुढे सरकलो, गाडी एकदा खाली गेली आणि वर आली. खाचांनी माती फेकली. पण तेवढ्यात गेलं ते गेलं. डावीकडून ती गाडी सरकत आली आणि दोरीपाशी तिचं अर्धं चाक माझ्या पुढे होतं. अर्धं चाक. टणक पट्टीवर मी त्याला दोन गाड्यांनी मारलं आणि खराब पट्टीवर अर्ध्या चाकाने हरलो. बैल राखणाऱ्याला सुद्धा याचा अर्थ कळायला हवा की गाडी कुणाची चांगली.

कळला नाही. मी गाडी हळू हळू गर्दीतून आणत होतो आणि दोन्ही बाजूंनी टाळ्या पडत होत्या.

"मानलं भाऊ! हारायची पन सेटिंग!"

"पह्यले जिंकला, मंग विकला!"

"अर्ध्या चाकानं हारला, पाह्य ना किती बराबर माप हाये!"

एका म्हाताऱ्याने तर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शाना हायेस गा." मी त्याच्या वयाकडे पाहून हात आवरला.

अध्यक्ष नागपूरच्या फार्महाऊसवाल्याला ढाल देत होते. भोंग्यावर त्याच्या फार्महाऊसचं नाव तीनदा आलं. मिस्त्री टेम्पोच्या फळ्या लावत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. रागावला की तो असाच लोखंडाशी बोलतो. मी गाडी फळीजवळ उभी करून प्लग काढला, सवयीने. बदामी होता. तो दाखवायला कुणी नव्हतं.

तेव्हा ट्यूनर आला. चष्मा कपाळावर, जाकिटावर माती. तो माझ्या गाडीच्या मागे उकिडवा बसला. चिमट्यावरून बोट फिरवलं, जिथे मिस्त्रीचा जोड होता तिथे थांबला, परत फिरवलं. टायरच्या खाचेत नख घालून खोली पाहिली. मग वर बघून म्हणाला, "काका, मागं गरारी किती दाताची टाकली तुमी? अन् हा जोड कोनी मारला?"

दिवसभरात हा पहिला माणूस. मोहाडीहून, पवनीहून, अख्ख्या भंडारा जिल्ह्यातून आलेल्या हजार माणसांत हा एकच, आणि तोही नागपूरचा, लॅपटॉपवाला. मला सगळं सांगायचं होतं. जेटचा नंबर, बारावा प्लग, चार इंच, शॉकअपच्या जागच्या पट्ट्या. मी तोंड उघडलंही होतं.

पण आमच्याभोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती. त्यांचे मोबाईल वर होते आणि चेहऱ्यांवर ते हसू आधीच आलं होतं. मी याच्याशी दोन शब्द नीट बोललो असतो तर संपलंच, लोकांनी म्हटलं असतं, पाहा, दोघं एकच आहेत. उद्या तो फोटो तीन तालुके फिरला असता.

"तुह्या लॅपटॉपले पूस ना बे," मी मोठ्याने म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जिंकला ना? मंग आता इथी काय पाहून राहिला? नीघ!"

गर्दीतून कुणीतरी "अरे व्वा" केलं. ट्यूनर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने माणसांकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याला समजलं. तो उठला नाही. मान खाली घालून गरारीकडे वळला. त्याचे ओठ हलत होते. तो दात मोजत होता.

मी त्याला शिव्या देतच राहिलो, त्याच्या शहराला, त्याच्या चष्म्याला, त्याच्या मालकाला. आणि देता देता एक पाऊल बाजूला झालो, कारण माझी सावली गरारीवर पडत होती.